जुन्या मोटारीला नवी ठिणगी : प्लगच्या वायर कशा निवडाव्यात?

ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदणी झालेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून ही काळी-पिवळी ओळख पुसली गेली. खासगी मालकांनी मात्र या गाड्यांची साथ सोडलेली नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ नंतर बाहेर पडलेली फियाट ११०० डिलाइट असो, की १९७४ पासूनची पद्मिनी, ती आजही अनेक घरांत जिव्हाळ्याने जपली जाते. अशा गाडीवर सर्वांत आधी केली जाणारी सुधारणा म्हणजे जुने सी. बी. पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच बसवणे. संच येतो, नवी कॉइल येते; पण कॉइलपासून प्लगपर्यंत जाणाऱ्या वायरी बहुधा जुन्याच राहतात, किंवा दुकानदाराने हातात दिलेल्या घेतल्या जातात. पुढे गाडी मधूनच मिस होऊ लागली अथवा भर पावसात घाटात बंद पडली, की दोष नव्या संचाला दिला जातो. प्रत्यक्षात खोट अनेकदा वायरींच्या निवडीत असते.

ठिणगीचा प्रवास

बॅटरीचे १२ व्होल्ट प्लगच्या फटीत ठिणगी पाडण्यास पुरेसे नसतात. कॉइल त्यांचे हजारो व्होल्टमध्ये रूपांतर करते, डिस्ट्रिब्युटर तो दाब पाळीपाळीने चार सिलिंडरांकडे पाठवतो आणि जाड आवरणाच्या वायरी तो प्लगपर्यंत नेतात. कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरच्या कॅपपर्यंत एक आणि कॅपपासून प्लगपर्यंत चार, अशा एकूण पाच वायरी असतात. गॅरेजमध्ये त्यांना एच. टी. लीड म्हणतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर कॉइलला सेकंदाला १०० ठिणग्या पुरवाव्या लागतात. इतक्या वेगाने चालणाऱ्या या कामात वायरीकडून दोन अपेक्षा असतात : आतला दाब वाटेत गळू द्यायचा नाही आणि ठिणगीसोबत निर्माण होणारा विद्युतचुंबकीय गोंगाट बाहेर पडू द्यायचा नाही.

पॉइंट गेले, मग बदलले काय?

पॉइंट हे यांत्रिक स्विच. ते झिजतात, जळतात, त्यांची फट वरचेवर जुळवावी लागते. पण ते दणकटही असतात. आजूबाजूच्या विद्युत गोंगाटाचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. इलेक्ट्रॉनिक संचात त्यांची जागा चुंबक व हॉल संवेदक, किंवा प्रकाशकिरणावर चालणारा संवेदक घेतो. कॉइलचा प्रवाह जोडण्या-तोडण्याचे काम अर्धवाहकांचे होते. अनेक संचांत हे नाजूक मंडल थेट डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखालीच, म्हणजे ठिणग्यांच्या शेजारी बसलेले असते.

दुसरा बदल दाबाचा. जुन्या कॉइलची क्षमता साधारण १५ ते २० हजार व्होल्टची, तर संचाबरोबरच्या जोमदार कॉइलची ३० ते ४० हजारांची असू शकते. प्रत्येक ठिणगीला ४० हजार व्होल्ट धावतात, असा मात्र याचा अर्थ नव्हे. प्लगची फट ओलांडायला जेवढा दाब लागतो, तेवढाच तो चढतो आणि ठिणगी पडताच उतरतो. परंतु प्लग झिजला, फट वाढवली किंवा एखादी वायर तुटली, की कॉइल आपली सारी क्षमता पणाला लावते. तेव्हा तो दाब सर्वांत कच्चा मार्ग शोधतो. जुन्या वायरीच्या आवरणातली, एरवी कधीही न जाणवलेली बारीक भेग अशा वेळी उघडी पडते.

तांब्याचा मोह

तांबे उत्तम वाहक, म्हणून तांब्याच्या गाभ्याची वायर सर्वोत्तम, असा समज सार्वत्रिक आहे. पॉइंट असलेल्या गाडीत ती चालतेही. इलेक्ट्रॉनिक संचासोबत मात्र तीच घातक ठरू शकते.

फट तुटण्याच्या क्षणी, सेकंदाच्या अत्यंत सूक्ष्म अंशात, प्रवाहाचा तीव्र झटका येतो. तांब्याच्या वायरीत त्याला अडवणारे काहीच नसते, त्यामुळे वायर एखाद्या प्रक्षेपकासारखी रेडिओ लहरी फेकू लागते. जुन्या रेडिओवर गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी खरखर ऐकू येत असे, ती हीच. या उपद्रवामुळे ब्रिटनने १९५२ सालीच मोटारींच्या इग्निशनमधून होणाऱ्या व्यत्ययावर नियंत्रण आणणारे नियम केले. इलेक्ट्रॉनिक मंडलाला हाच गोंगाट खोटा संकेत वाटू शकतो. ठिणगी अवेळी पडते, टॅकोमीटरचा काटा नाचतो आणि प्रसंगी संचच निकामी होतो. म्हणूनच अनेक संचांच्या सूचनापत्रकात तांब्याच्या गाभ्याच्या वायरी न वापरण्याची स्पष्ट ताकीद असते.

रोध असलेल्या वायरीमुळे ठिणगी दुबळी होते, ही भीतीही निराधार आहे. फट तुटेपर्यंत वायरीतून प्रवाह जवळजवळ नसतोच, त्यामुळे दाबाची घट नगण्य असते. ठिणगी पेटल्यानंतर प्रवाह काही दशक मिलिअँपिअरचा असतो. ३० मिलिअँपिअर प्रवाहाला १० किलोओहम रोध आडवा आला, तर घट होते ३०० व्होल्टची. हजारो व्होल्टच्या व्यवहारात ती किरकोळच.

तीन प्रकार, तीन उपयोग

बाजारात मुख्यतः तीन प्रकारचे गाभे मिळतात. पहिला तांब्याचा. त्याचा रोध जवळजवळ शून्य. तो मूळ पॉइंट राखलेल्या गाडीसाठीच योग्य. दुसरा कार्बनयुक्त धाग्याचा. त्याचा रोध मीटरमागे साधारण १० ते २० किलोओहम. तो स्वस्त आहे आणि गोंगाट चांगला रोखतो. मात्र वारंवार वाकवल्याने, ओढल्याने व उष्णतेने धागा आतल्या आत तुटतो. तिसरा, चुंबकीय गाभ्याभोवती बारीक तार गुंडाळलेला सर्पिल प्रकार. त्याचा रोध कमी, पण वेटोळ्यांमुळे प्रवाहाच्या तीव्र झटक्यांना तो अडवतो, शिवाय टिकतोही अधिक. जोमदार कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक संच बसवलेल्या गाडीसाठी सर्पिल गाभ्याची वायर ही पहिली पसंती असावी. मूळ कॉइल कायम असेल आणि गाडी केवळ रविवारी बाहेर पडत असेल, तर चांगल्या प्रतीची कार्बन वायरही पुरते.

जाडी, रंग आणि आवरण

आठ मिलिमीटरची लालभडक वायर सात मिलिमीटरच्या काळ्या वायरीपेक्षा अधिक वीज नेते, हा गैरसमज आहे. जाडी असते ती आवरणाची. चांगल्या रबराची सात मिलिमीटरची वायर निकृष्ट जाड वायरीपेक्षा केव्हाही सरस. साधे पी. व्ही. सी. शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास दमते, तर सिलिकॉनचे आवरण १८० अंश व त्याहून अधिक उष्णता सोसते. एक्झॉस्टच्या नळीजवळून वायर जात असेल, तर सिलिकॉनच घ्यावे. मात्र ते मऊ असल्याने धातूच्या कडेवर घासून फाटते. त्यासाठी आधाराच्या क्लिपा आवश्यक आहेत. जुने रूप राखायचे असल्यास बाहेरून सुती विणीची आणि आतून रोधक गाभ्याची वायरही मिळते.

टोके जुळतात का?

वायर विकत घेण्यापूर्वी डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून पाहावी. लुकासच्या काही जुन्या कॅपमध्ये वायर बाजूने आत जाते आणि आतला टोकदार स्क्रू तिच्या गाभ्यात घुसून संपर्क साधतो. ही रचना तांब्यासाठीच आहे. कार्बनचा धागा त्या टोकाने तुटतो. अशा वेळी वायर ढकलून बसवता येईल अशी कॅप मिळवावी. ती मिळत नसेल, तर तांब्याच्या वायरीला प्लगच्या टोकाशी पाच किलोओहमच्या रोधक टोप्या लावाव्यात.

रोधाची एकूण बेरीजही पाहावी. एनजीकेच्या बीपी६ईएस या प्लगचा रोधक भाऊ बीपीआर६ईएस, तर बॉशच्या डब्ल्यू७डीसीचा डब्ल्यूआर७डीसी. नावातले 'आर' हे अक्षर आत बसवलेला, बहुधा पाच किलोओहमच्या घरातला, रोध दर्शवते. रोधक प्लग, रोधक टोपी, रोधक रोटर आणि कार्बन वायर असे सारेच एकत्र करू नये. चांगली रोधक वायर आणि संचाच्या पत्रकात सुचवलेला प्लग, एवढे पुरेसे असते.

मांडणी आणि तपासणी

फियाट ११०० आणि पद्मिनीच्या इंजिनाचा ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. तीननंतर लगेच चारची पाळी येते आणि दोननंतर एकची. या जोड्यांतल्या वायरी लांबवर एकमेकींना चिकटून समांतर गेल्या, तर एकीतल्या दाबाने दुसरीत ठिणगी उमटू शकते. चार क्रमांकाचा सिलिंडर तेव्हा नुकता दाब घेऊ लागलेला असतो. त्या क्षणी ठिणगी पडणे इंजिनाला हानिकारक. म्हणून सगळ्या वायरी दिसायला नीटस अशा एका गठ्ठ्यात बांधण्याचा मोह टाळावा आणि त्यांत बोटभर अंतर राखावे.

तपासणीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन बंद करून वायर काढावी, दोन्ही टोकांमधला रोध मोजावा आणि ती हलक्या हाताने वाकवून आकडा स्थिर राहतो का, ते पाहावे. चारही वायरींचे आकडे त्यांच्या लांबीच्या प्रमाणात असावेत. एखादी फारच वेगळी दिसली, तर ती बदलावी. पावसाळ्याआधी एकदा अंधारात बोनेट उघडून चालू इंजिनाच्या वायरी दुरूनच न्याहाळाव्यात. निळसर ठिणग्या दिसल्या, तर आवरण गेले असे समजावे. चालू इंजिनावर वायरींना हात लावू नये. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने तर जवळही जाऊ नये. ठिणगी पाहण्यासाठी चालू इंजिनाची वायर उपसून काढण्याची जुनी सवयही सोडावी. वाट न मिळालेला दाब कॉइल किंवा संच फोडूनच बाहेर पडतो.

मूळपण राखताना

केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' अक्षरे असलेल्या स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि चॅसिस, सांगाडा वा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी तिची अट आहे. १९७४ च्या पहिल्या पद्मिनीही आता त्या वयात आल्या आहेत. म्हणून कोणतीही सुधारणा सहज उलटवता येईल अशीच असावी. काढलेले पॉइंट, कंडेन्सर, जुनी कॉइल आणि जुन्या वायरी डब्यात जपून ठेवाव्यात. मात्र पुन्हा पॉइंट बसवल्याशिवाय त्या डब्यातली तांब्याची वायर गाडीला लावू नये.