पांढरीच्या भिंती

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. एकाच जागी मातीची घरे पिढ्यान् पिढ्या उभी राहिली, पडली आणि पुन्हा उठली. भिंतींचा चुरा व चुलींची राख ह्यांनी ती भूमी उंच व पांढुरकी झाली. आपली ग्रामदेवतेची देवळेही बहुधा ह्या पांढरीलगतच असतात.

ही विद्या किती जुनी आहे, ह्याचा पुरावा इंदूरकरांस जवळच सापडेल. महेश्वरासमोर, नर्मदेच्या दक्षिण तीरावर नवदातोली येथे १९५२-५३ साली व पुढे १९५७ ते १९५९ ह्या काळात डॉ. ह. धी. सांकळिया ह्यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरांना लाकडी खांब, मातीने लिंपलेले बांबूचे कूड आणि चुन्याने सारवलेली जमीन होती.

देशावरील माळवदी घरांत हीच माती हातभर किंवा अधिक जाड झालेली दिसते. अशा भिंतीतून उन्हाचा ताप आत पोचण्यास दहा-बारा तास लागतात. तोवर रात्र झालेली असते आणि गार वाऱ्याने भिंत पुन्हा निवते. छताच्या सवण्यातून ऊन हवा वर निघून जाते. गोमंतकात मात्र रात्रही फारशी थंड होत नाही. तेथे केवळ जाड भिंत पुरत नाही. म्हणून आपल्या पूर्वजांनी राजांगण, पडवी आणि खाली उतरलेली वळचण ह्यांची जोड दिली.

गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारी परिसरात भूकंप झाला व सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीच्या घरांविषयी लोकांच्या मनात तेव्हापासून भीती बसली, आणि ती अकारण नव्हती. परंतु दोष नेमका कोठे होता? मातीत रचलेले ओबडधोबड दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते, आणि माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेल्याने छत अतिशय जड झाले होते. काही ठिकाणी भिंती ढासळूनही लाकडी खण उभे राहिले.

म्हणून जुने घर पाडावयास निघालेल्या गृहस्थांस आम्ही इतकेच सांगू : आधी जाणत्या माणसाकडून छताचा भार हलका करता येईल काय व भिंती बांधून घेता येतील काय, हे पाहावे. धोका असेल तर घर अवश्य उतरवावे. केवळ माती जुनी झाली म्हणून उतरवू नये. सिमेंटच्या पातळ भिंतींत वैशाखाची दुपार कशी जाते, ह्याचा अनुभव आता घरोघरी आहे.