द्विपक्षीय गुंतवणूक करार
दोन देशांनी परस्परांच्या गुंतवणूकदारांना संरक्षण देण्यासाठी केलेला करार. असा पहिला करार पश्चिम जर्मनी व पाकिस्तान यांच्यात 1959 मध्ये झाला. भारताचा पहिला 1994 मध्ये ब्रिटनशी. न्याय्य वागणूक, भरपाईविना मालमत्ता ताब्यात न घेणे, नफा मायदेशी नेण्याची मुभा ही नेहमीची कलमे. खरी धार लवादाच्या कलमाला : परकी कंपनी यजमान सरकारलाच आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचू शकते. देशी उद्योजकाला ही सोय नाही.

व्हाइट इंडस्ट्रीज ही ऑस्ट्रेलियन कंपनी पिपरवार कोळसा खाणीच्या कंत्राटावरून कोल इंडियाविरुद्ध 2002 मध्ये लवादात जिंकली. पण निवाड्याची अंमलबजावणी भारतीय न्यायालयांत वर्षानुवर्षे रखडली, म्हणून कंपनीने गुंतवणूक कराराखाली भारत सरकारवरच दावा लावला. दाद मागण्याच्या परिणामकारक साधनांची हमी ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात नव्हतीच. कंपनीने ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्र’ या कलमाच्या (इतर देशाच्या गुंतवणूकदारांना दिलेली अधिक चांगली वागणूक आपल्यालाही मिळावी, या अटीच्या) आधारे ती चक्क भारत-कुवेत करारातून उचलली आणि 2011 मध्ये भारत हरला. दाभोळ वीज प्रकल्पातही एन्रॉनच्या अमेरिकी भागीदारांनी मॉरिशसमधील उपकंपन्यांमार्फत दावे लावले होते. कारण अमेरिकेशी भारताचा असा करारच नव्हता.

या प्रकरणांनंतर आलेल्या भारताच्या 2016 च्या नमुना करारात ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्र’ कलम नाही, करविषयक बाबी वगळल्या आहेत आणि लवादाआधी देशांतर्गत दाद मागण्यासाठी पाच वर्षांची अट आहे.