हलक्या वजनाचे कोडे : गर्भवतींचे धूम्रपान आणि पन्नास वर्षांचा एक वाद

#इतिहास #थ्रेड

१/
जानेवारी १९७१. अमेरिकेत २ तारखेपासून दूरचित्रवाणी व रेडिओवरील सिगारेटच्या जाहिराती कायद्याने बंद झाल्या. दुसऱ्याच दिवशी ‘फिलिप मॉरिस’ या सिगारेट कंपनीचे अध्यक्ष जोसेफ कलमन दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत बसले होते. प्रश्न निघाला गर्भवतींच्या धूम्रपानाचा.

२/
अशा मातांची मुले वजनाने लहान असतात, हे कलमन यांनी नाकारले नाही. मात्र ती तितकीच निरोगी असतात, असे सांगून काही स्त्रियांना लहान बाळच अधिक आवडेल, अशी पुस्ती त्यांनी जोडली. हे विधान आज निर्दय वाटते. परंतु त्याला आधार वाटावी अशी आकडेवारी त्या काळी उपलब्ध होती, आणि ती खोटी नव्हती.

३/
वादाचा आरंभ १९५७ चा. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो परगण्यात विनिया सिम्पसन यांनी ७,४९९ प्रसूतींच्या नोंदी तपासल्या. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांमध्ये ‘अकाली’ प्रसूतीचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळले. त्या काळी अडीच किलोंहून कमी वजनाच्या बाळाला सर्रास अकाली जन्मलेले मानत.

४/
यानंतर जेकब येरुशाल्मी या वादात उतरले. ते बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील ख्यातनाम संख्याशास्त्रज्ञ. ओकलंड परिसरातील सुमारे १५,००० बाळंतपणांची माहिती त्यांच्या हाती होती. धूम्रपान करणाऱ्या मातांच्या पोटी कमी वजनाची बाळे अधिक जन्मतात, हे त्यांनाही दिसले.

५/
पुढे मात्र कोडे पडले. केवळ कमी वजनाची बाळे घेऊन तुलना केली, तेव्हा धूम्रपान करणाऱ्या मातांची बाळे अधिक संख्येने जगलेली दिसली! सिगारेट घातक असेल, तर हे कसे? दोष धूम्रपानाचा नसून धूम्रपान करणाऱ्या स्त्रीच्या मूळ प्रकृतीचा वा स्वभावाचा असावा, असा येरुशाल्मी यांचा कल झाला.

६/
संशय घेणे हे शास्त्राचे कर्तव्यच. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा त्यांचा आग्रह तत्त्वतः योग्यच होता. परंतु हा वाद विद्यापीठाच्या चार भिंतींत राहणारा नव्हता. उत्तराकडे डोळे लावून बसलेल्या स्त्रिया त्याच वेळी दिवस मोजत होत्या.

७/
दरम्यान ब्रिटनमध्ये निराळा पुरावा साचत होता. मार्च १९५८ च्या एका आठवड्यात इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमध्ये झालेल्या सुमारे १७,००० जन्मांची नोंद तेथे घेण्यात आली होती. नेव्हिल बटलर, हार्वे गोल्डस्टाइन व युअन रॉस यांनी १९७२ मध्ये तिचे विश्लेषण प्रसिद्ध केले.

८/
चौथ्या महिन्यानंतरही धूम्रपान करणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १७० ग्रॅमने कमी होते. गर्भावस्थेच्या उत्तरकाळात वा जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी अधिक होते. ‘लहान, पण तितकेच निरोगी’ हा दावा येथे कोसळला.

९/
या अभ्यासातील सर्वांत मोलाचा निष्कर्ष वेगळाच होता. चौथा महिना संपण्यापूर्वी जिने सिगारेट सोडली, तिच्या बाळाचा धोका धूम्रपान न करणाऱ्या मातेइतकाच उरला. दोष स्त्रीच्या मूळ प्रकृतीत असता, तर सवय सोडल्याने तो असा नाहीसा कसा झाला असता?

१०/
यामागची शरीरप्रक्रियाही उलगडत गेली. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील ऑक्सिजनची जागा बळकावतो. गर्भाला मिळणारा प्राणवायू अशा रीतीने दोन्ही बाजूंनी घटतो.

११/
तरीही येरुशाल्मींचे कोडे शिल्लकच होते. कमी वजनाच्या बाळांतील तो उलटा आकडा आला कोठून? याची नेमकी उकल व्हायला २००६ उजाडले. सोनिया हर्नांडेझ-डियाझ, एन्रिके शिस्टरमन व मिगेल हर्नान यांनी १९९१ सालच्या अमेरिकी जन्म-मृत्यू नोंदी घेऊन ती मांडली.

१२/
कोकणातील दोन आमराया डोळ्यांसमोर आणाव्यात. एकीत वादळ झाले, दुसरीत नाही. दोन्हींत झाडाखाली गळलेल्या कैऱ्या वेचल्या. वादळाच्या आमराईत कैऱ्यांचा सडा पडलेला, पण त्यांतील बऱ्याचशा धडधाकट. दुसरीत मोजक्याच कैऱ्या, त्याही बहुतेक किडलेल्या. मग वादळ कैरीला मानवते, असे म्हणावे काय?

१३/
कमी वजनाचेही तसेच. त्याची कारणे अनेक. काही, उदाहरणार्थ गंभीर जन्मजात व्यंगे, सिगारेटहून कितीतरी प्राणघातक. धूम्रपान न करणाऱ्या मातेचे बाळ फार लहान असेल, तर त्यामागे असे एखादे भीषण कारण असण्याचा संभव अधिक. येरुशाल्मी गळलेल्या कैऱ्यांचीच तुलना करीत होते. मोजायला हवी होती सगळी आमराई.

१४/
प्रसूतीनंतरचा धोका याहून उशिरा ध्यानी आला. न्यूझीलंडमध्ये १९८७ ते १९९० या काळात झोपेत अचानक दगावणाऱ्या तान्ह्या मुलांचा मोठा अभ्यास झाला. बाळाला पालथे निजवणे आणि मातेचे धूम्रपान ही टाळता येण्याजोग्या कारणांतील दोन प्रमुख कारणे ठरली.

१५/
महाराष्ट्रात प्रश्न सिगारेटचा कमी, मिशरीचा अधिक. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड दातांना लावण्याची सवय घरोघरच्या बायकांत होती. प्रकाश गुप्ता व श्रीविद्या सुब्रमोनी यांनी मुंबईतील १,२१७ गर्भवतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले.

१६/
येथे धूर नव्हता. तरी वजन घटले. म्हणूनच ‘व्हेपिंगमध्ये धूर नाही, मग भीती कसली’ हा युक्तिवाद ऐकताना मिशरी आठवावी. कार्बन मोनॉक्साइड टळला, तरी निकोटिन वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचतेच. भारताने २०१९ मध्ये कायदा करून ई-सिगारेटच्या उत्पादन व विक्रीवर बंदी घातली.

१७/
१९५७ मध्ये सिम्पसन यांनी धोका दाखवला. अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटावर गर्भवतींसाठी स्पष्ट इशारा आला १९८५ मध्ये. मधली २८ वर्षे केवळ कंपन्यांच्या लबाडीने गेली नाहीत. खऱ्या आकड्यांच्या चुकीच्या वाचनाचाही त्यांत वाटा होता.

१८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून एवढे घ्यावे : समोर आलेला पुरावा खरा आहे का, हा पहिला प्रश्न. तो कोणत्या ढिगातून वेचला गेला, हा दुसरा. या वादात दुसरा प्रश्न विचारायला उशीर झाला, आणि त्या उशिराची किंमत वाद घालणाऱ्यांनी नव्हे, तर पाळण्यातल्या जिवांनी मोजली.