साहेबाचा ट्राऊट, पुण्याचा खुद्री

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही पाच जण लॅपटॉप घेऊन हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात गेलो होतो. दिवसा कॉल, संध्याकाळी नदी. होमस्टेच्या मालकाने दुसऱ्या रात्री ताटात तळलेला अख्खा ट्राऊट वाढला आणि अभिमानाने म्हणाला, "हा आमचा अस्सल पहाडी मासा."

मासा छानच होता. पण मला जेवताना गुगल करायची वाईट सवय आहे. पाच मिनिटांत कळलं की हा अस्सल पहाडी मासा कुल्लूच्या नद्यांमध्ये १९०९ साली सोडला गेला. मूळचा युरोपातला, साहेबाने आणलेला. मालकाला मी ते सांगितलं नाही. त्याच्या आजोबांच्याही आठवणीत नदीत ट्राऊट होताच, मग तो त्याचा नाही असं म्हणणारा मी कोण?

प्रश्न मात्र डोक्यात राहिला. नद्यांमध्ये आधीच मासे होते. मग हजारो मैलांवरून हाच मासा आणायची एवढी धडपड कशासाठी?

जाडेभरडे मासे

उत्तर इंग्लंडमध्ये सापडतं. तिथे गळ टाकणाऱ्यांच्या जगात माशांची सरळ दोन भागांत वाटणी होती. एका बाजूला सामन आणि ट्राऊट, म्हणजे 'गेम फिश'. दुसऱ्या बाजूला नदीतळ्यातले बाकीचे जवळजवळ सगळे, म्हणजे कार्प, रोच, चब, बार्बेल, पाईक. यांना नाव 'कोर्स फिश'. कोर्स म्हणजे जाडंभरडं. वरण-भात खाणाऱ्याने नाचणीच्या भाकरीकडे बघावं, तसं.

ही वाटणी पूर्वीपासून इतकी कडक नव्हती. आयझॅक वॉल्टनचं 'द कम्प्लीट अँग्लर' हे प्रसिद्ध पुस्तक १६५३ सालचं. त्यात ट्राऊट आहेच, पण चब, कार्प आणि पाईकवरही तो आस्थेने लिहितो. दरी रुंदावली ती एकोणिसाव्या शतकात. रेल्वे आली आणि लंडन-शेफील्डचे कामगार सुटीच्या दिवशी नदीकाठी पोहोचू लागले. ते कालव्यात, तळ्यात, संथ नदीत गळ टाकून रोच आणि बार्बेल पकडत. ट्राऊटचे निवळशंख झरे बहुतेक जमीनदारांच्या मालकीचे. तिथे गळ टाकायला पैसे लागत, नाहीतर ओळख.

मग पद्धतही वेगळी झाली. फ्रेडरिक हॅलफर्ड याने १८८६ साली पुस्तक लिहून 'ड्राय फ्लाय'चं शास्त्र मांडलं. पिसं आणि दोरा वापरून गळावर खोटा कीटक बांधायचा, तो पाण्यावर तरंगत ठेवायचा आणि खाणाऱ्या माशाच्या बरोबर पुढे अलगद टाकायचा. गांडूळ लावून वाट बघत बसणं हे कामगारांचं, पिसाचा कीटक हा सद्गृहस्थांचा. कायद्यातही ही वाटणी दिसते. शेफील्डचे खासदार मुंडेला यांच्या पुढाकाराने १८७८ साली कायदा झाला आणि कोर्स माशांना १५ मार्च ते १५ जून असा विणीचा बंदी-काळ मिळाला. ट्राऊट-सामनला संरक्षण त्याआधीच होतं. जाडेभरडे मासे वाचवायला कामगारांच्या शहराचा खासदार पुढे यावा लागला.

म्हणजे 'तुला कोणता मासा आवडतो?' हा प्रश्न वरवर चवीचा वाटतो, पण त्यामागे बऱ्याचदा 'तू कोण आहेस?' हा प्रश्न असतो.

साहेबाची पंचाईत

हा साहेब भारतात आला तेव्हा त्याची गंमत झाली. इथल्या डोंगरी नद्यांमध्ये त्याला महसीर भेटला. मोठाले सोनेरी खवले, जाड ओठ, धारेविरुद्ध पोहणारं दणकट अंग. गळाला लागला की असा सुसाट पळतो की रिळावरचा दोर संपत येतो. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधले हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी ठामपणे सांगितलं की तेवढ्याच वजनाच्या सामनपेक्षा महसीर जास्त झुंज देतो. घरी सामन म्हणजे शेवटचा शब्द. तिथल्या माणसाने हे लिहिणं म्हणजे केवढं धाडस!

आणि खरी पंचाईत पुढे आहे. महसीर हा कार्पच्या कुळातला. इंग्लंडच्या हिशोबाने सरळसरळ कोर्स. थॉमस यांच्याही आधी, १८३९ साली, कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. त्यात पुण्याच्या पूर्वेला मुळामुठेत मिळालेल्या एका महसीरला त्यांनी नाव दिलं 'बार्बस खुद्री'. बार्बस म्हणजे इंग्लंडमधल्या बार्बेलचीच जात, तोच मिशावाला, कामगारांचा मासा. आणि 'खुद्री' हे इथल्या लोकांच्या तोंडचं नाव. साइक्स यांनी असे अनेक देशी शब्द शास्त्रात नेऊन बसवले. आपला शिंगाळा आजही जगभर 'सीनघाला' याच नावाने नोंदवला जातो.

मग साहेबाने वाट काढली. मासा आवडला ना, मग त्याला वरच्या जातीत घ्या. महसीरला 'इंडियन सामन' म्हणू लागले. उत्तरेतल्या नद्यांमधला बोला नावाचा मासा 'इंडियन ट्राऊट' झाला. काश्मीरचे लोक ज्याला 'काशुर गाड', म्हणजे काश्मिरी मासा म्हणतात, तो झाला 'स्नो ट्राऊट', आणि तोही कार्पच्याच कुळातला. मुंबईच्या हॉटेलांत मेनूवर रावसापुढे 'इंडियन सामन' लिहिलेलं दिसतं, तेव्हा मला आता हसू येतं. सवय जुनी आहे.

बर्फातली अंडी

पण नाव बदलून सगळ्यांचं समाधान झालं नाही. थंड हवेच्या ठिकाणी बंगला बांधला, चर्च बांधलं, गुलाब लावले. मग ओढ्यात ट्राऊट का नको?

अडचण तांत्रिक होती. जिवंत मासा महिनोन्‌महिने जहाजात टिकत नाही. उपाय असा निघाला की फलित अंडी ओलसर शेवाळात रचायची आणि पेट्या बर्फात ठेवायच्या. थंडीत अंड्याची वाढ मंदावते आणि पिल्लू उशिरा बाहेर येतं. या युक्तीने १८६४ साली 'नॉरफोक' जहाजातून अंडी टास्मानियापर्यंत जिवंत पोहोचली. भारतात मात्र पहिले प्रयत्न फसले. 'फिशेस ऑफ इंडिया' हा मोठा ग्रंथ लिहिणारे डॉ. फ्रान्सिस डे यांनी १८६०च्या दशकात निलगिरीत ट्राऊट आणायची खटपट केली, पण ती वाया गेली. काश्मीरसाठी १८९९ साली ड्यूक ऑफ बेडफर्डने पाठवलेली अंडी वाटेतच मेली. १९००मध्ये पुन्हा पाठवली, ती जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी ती सांभाळली. पुढे हारवनला हॅचरी उभी राहिली. निलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रेनबो ट्राऊट टिकला आणि १९०९मध्ये कुल्लूची पाळी आली.

इंजिनिअर म्हणून मला या लोकांचं कौतुक वाटतं. डिप्लॉयमेंट फेल झालं, कारण शोधलं, पुन्हा केलं. पण या सगळ्या वर्षांत 'इथे आधीपासून राहणाऱ्या माशांचं काय होईल?' या प्रश्नाला फारसं कुणी महत्त्व दिलं नाही. ब्राऊन ट्राऊट मोठा झाला की दुसऱ्या माशांची पिल्लं खातो, हे गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पुण्याचा मासा कावेरीत

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. साहेब वाईट, ट्राऊट परका, महसीर आपला. मीही तेवढंच लिहून थांबणार होतो. पण पुढचं वाचलं आणि लेख अडला.

विसाव्या शतकात सह्याद्रीतल्या नद्यांवर धरणं झाली. विणीसाठी वर चढणाऱ्या महसीरची वाट अडली आणि त्याची संख्या घटत गेली. तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला, वळवणच्या धरणापाशी, महसीरची पैदास सुरू केली. १९७०च्या दशकापासून तिथे खुद्रीची लाखो पिल्लं तयार झाली. हे काम खरोखर मोलाचं होतं. देशात दुसरीकडे असं फारसं काही होत नव्हतं.

ही पिल्लं देशभर वाटली गेली. काही कावेरीत सोडली. कावेरीत आधीच एक महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी १९४६ साली कबिनी नदीत गळाने पकडलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा आजही विक्रम म्हणून सांगितला जातो.

कावेरीकाठी गालीबोरे इथे गळवाल्यांचा कॅम्प होता. तिथे पकडलेला मासा मोजून परत सोडत आणि वहीत नोंद करत. संशोधकांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी तपासल्या. एकूण मासे वाढलेले दिसत होते, त्यामुळे सगळे खूश होते. पण वाढ होती निळ्या पंखांच्या खुद्रीची. कुबडवाला हळूहळू नोंदींमधून दिसेनासा होत होता. टोटल वाढते आहे म्हणून डॅशबोर्ड हिरवा, आणि आत एक ओळ शून्याकडे निघालेली. असा डॅशबोर्ड मीही कामात पाहिला आहे, आणि हिरवा म्हणून पुढेही गेलो आहे.

२०१८ साली कुबडवाल्याला शास्त्रीय ओळख मिळाली, 'टॉर रेमादेवी'. तोपर्यंत या प्रसिद्ध माशाचं धड नावही ठरलेलं नव्हतं. आयूसीएनच्या यादीत तो आता 'अतिसंकटग्रस्त' आहे. आणि खुद्री, जो आधी धोक्यात होता, तो 'फारसा धोका नाही' या गटात गेला.

म्हणजे ट्राऊटने जे केलं, तेच आपल्या खुद्रीने कावेरीत केलं. त्याला तिथे नेणाऱ्यांना महसीर मनापासून आवडत होता. फक्त 'महसीर म्हणजे महसीर' असं त्यांनी धरलं. ड्यूकच्या अंड्यांमागेही प्रेमच होतं. एखादा मासा इतका आवडतो की तो सगळीकडे असावा असं वाटतं, आणि तिथे आधीपासून असलेला मासा कुणाला दिसतच नाही.

देवीचे मासे

माझं आजोळ महाडजवळ. तिथे माशांच्या आवडीचं गणित वेगळंच. मामाला मृगाच्या पहिल्या पावसात शेतात चढणारे वलगणीचे मासे सगळ्यांत प्रिय. त्यांना ना गळ लागतो, ना नियम. टॉर्च आणि टोपली पुरते. मी त्याला फोनवर ट्राऊटचं कौतुक सांगितलं तर म्हणाला, "अरे, त्यात काटे कमी असतात ना? मग त्यात खायचं काय?"

गेल्या दिवाळीत तो मला काळ नदीवर वाळणकोंडला घेऊन गेला. खडकात कोरलेला खोल डोह, काठावर वरदायिनी देवी. लोक कुरमुरे टाकतात आणि काळ्या पाण्यातून हाताएवढे मासे वर येतात. खुद्रीच. मी विचारलं, "मामा, हे कधी कुणी पकडलेत का?"

"देवीचे आहेत ते."

"पण खाल्ले तर?"

"तू खाऊन बघ. मी नाही येणार सोबत."

मी फार भावुक होत नाही. देवीच्या धाकाने एक डोह वाचतो, अख्खी नदी नाही. डोहाच्या वर आणि खाली काय चाललं आहे, याची देवी जबाबदारी घेत नाही. आणि वलगणीला अंडी घालायला चढणारे मासे टोपल्या भरून पकडणारा माझा मामा काही संत नाही. तरी एवढं खरं की त्या डोहात बाहेरून कुणी काही आणून सोडलं नाही. जे होतं ते राहू दिलं. मासा आवडण्याची हीसुद्धा एक पद्धत आहे, आणि तिच्यावर कुणी पुस्तक लिहिलेलं मला सापडलं नाही.

माझं ऑफिस खराडीला आहे. सातव्या मजल्याच्या कँटीनमधून मुळामुठा दिसते. पावसाळ्यात फेस, उन्हाळ्यात जलपर्णी. साइक्स यांनी खुद्री पाहिला तो पुण्याच्या पूर्वेचा, याच नदीचा पट्टा. हा लेख लिहिताना मी टीममधल्या सगळ्यांना विचारलं की या नदीत कोणता मासा असतो. एक जण म्हणाला, "या पाण्यात मासा असतो?"

आमच्या कँटीनमध्ये शुक्रवारी फिश करी असते. तिच्यात बासा असतो. तो मूळचा मेकाँग नदीचा.