वली भिंत

आमच्याकडं गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जाते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीच्याच मातीनं घर उभं राहायचं आणि तिनंच ते उजळायचं. औसा तालुक्यातलं आमचं जुनं घर माळवदाचं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गार वाटायचं. पावसाळ्यात गळू लागलं की वर आणखी माती टाकायची. असं वजन वाढत गेलं. ते कुणी मोजलं नाही.

भिंतींचं खातं आईकडं होतं. घट बसायच्या आधी ती गढीजवळून पांढरी माती पाटीनं आणायची. रात्रभर भिजवून, खडे काढून, फडक्यातून गाळून घ्यायची. पण आधी भेगा बुजवायच्या. माती, शेण आणि भुसा मळून गिलावा करायचा. तो वाळल्याशिवाय पोतेरं फिरत नसे. वाळला का नाही, हे बघायला ती हाताची मागची बाजू भिंतीला लावायची. गार लागली की म्हणायची, "वली हाय. उद्या बघू."

माझ्या शाळेच्या दिवसांत सिमेंट म्हणजे परमिटची वस्तू होती. १९८२ साली नियंत्रण सैल झालं, १९८९ साली पुरतं उठलं. मग तालुक्याच्या दुकानात पोती दिसू लागली. तरी आमच्या भिंती मातीच्याच राहिल्या. पैसा नव्हता, आणि गरजही वाटत नव्हती.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी, सास्तूर भागात हजारो माणसं झोपेतच गेली. धक्का सगळ्यांनाच बसला, पण माणसं मेली ती भिंतीखाली आणि माळवदाखाली. मातीत बसवलेला दगड सुटला आणि वरचं सगळं वजन अंगावर आलं. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली. आमचं गाव त्यात नव्हतं. आमचं घर पडलं नाही, पण आढ्यापासून जोत्यापर्यंत फाटलं. आई त्यानंतर एक रात्रही त्या घरात झोपली नाही. दोन वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडात काढली.

१९९५ च्या उन्हाळ्यात कर्ज काढून तीन खोल्या बांधल्या. वीट, सिमेंट आणि वरून काँक्रीटचा पट्टा. गिलाव्यावर आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. ते बरोबरच होतं. सिमेंटला सुरुवातीला पाणी लागतं, नाहीतर ते कच्चं राहून भुगा होतं. पण पाणी बंद करून चारच दिवस झाले आणि रंगारी म्हणाला, "आता ऑइलपेंट मारून टाकू, चकाचक दिसंल." पावसाच्या आत घरात जायची मला घाई.

आईनं भिंतीला उलटा हात लावला. "लेकरा, आजून वली हाय. हिला वाळू दे."

मी म्हणालो, "माय, ही मातीची न्हाई, सिमिटाची हाय. तुला काय कळतं त्यातलं?"

ती गप्प बसली.

दिवाळीपर्यंत भिंतीला फोड आले. बोट लावलं की रंगाचे पापुद्रे हातात यायचे. खालून पांढरा खार फुटला होता. कारण पुढं एका जुन्या गवंड्यानं सांगितलं. नव्या गिलाव्यात पाणी असतं आणि सिमेंटचा तिखट क्षारही असतो. वर तेलाचा रंग बसला की पाण्याला वाट राहत नाही. क्षारानं रंगातल्या तेलाचा साबण होतो आणि रंग सुटतो. चुन्याचं तसं नाही. चुना स्वतःच त्याच जातीचा, आणि तो भिंतीला श्वास घेऊ देतो.

सगळा रंग पत्रीनं खरवडला. खार कोरड्या ब्रशानं झाडला. पाण्यानं धुतला असता तर आणखी आत शिरला असता. मग तो उन्हाळा जाऊ दिला. नंतर चुन्याची कळी विझवून, गाळून, थोडी नीळ घालून दोन हात दिले. पहिला हात आईनं दिला. मला तिनं एका शब्दानंही बोललं नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मातीची जड भिंत सोडली हे बरंच झालं. तिचं कौतुक करायला आता माझी जीभ रेटत नाही. पण भिंतीबरोबर आम्ही बायकांच्या हातातली पारखही टाकून दिली. ती टाकायचं काही कारण नव्हतं.

गेल्या साली मुलानं वर दोन खोल्या काढल्या. वास्तुशांतीच्या आधी रंग व्हावा, असा त्याचा हट्ट. मी प्लास्टिकच्या कागदाचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला डकवला. सकाळी आतून घाम फुटला होता. मुलाला दाखवलं. वास्तुशांती तशाच राखाडी भिंतींत झाली. पाहुणे एकमेकांत कुजबुजले, जेवून गेले.

रंग दिवाळीला दिला. आधी भिंत पॉलिश पेपरनं घासली, धूळ पुसली, भेगांत लांबी भरली, प्रायमर मारला आणि मग रंग. पण त्या सगळ्याच्या आधी उलटा हात लावून बघितला. भिंत गार लागली नाही.