वरचे दूध : आईच्या मनावरचे ओझे
बाळंतिणीला भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : 'अंगावरचे दूध पुरते ना?' उत्तर नकारार्थी आले, की अळीवाचे लाडू, शतावरी कल्प, डिंक अशा उपायांची यादी सुरू होते. 'प्रयत्न कमी पडले' हा न बोललेला आरोप त्या यादीतच दडलेला असतो आणि वरच्या दुधाचा निर्णय घेतलेल्या आईला तोच अधिक बोचतो.

मातेच्या दुधाचे श्रेष्ठत्व वादातीत आहे. पहिले सहा महिने केवळ स्तनपान आणि नंतर पूरक आहारासह दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मातेच्या दुधातून मिळणारी प्रतिपिंडे डब्यातील भुकटीत नसतात. हे मान्य करूनही वरच्या दुधाकडे वळण्याची कारणे खरी असतात. कर्करोगावरील औषधे घेणाऱ्या मातेला स्तनपान थांबवावे लागते. स्तनाच्या काही शस्त्रक्रियांनंतर दूध अपुरे पडते. गॅलॅक्टोसिमिया हा जन्मजात विकार असलेल्या बाळाला तर आईचे दूधही चालत नाही. काही वेळा असे कोणतेही वैद्यकीय कारण नसते. कामावर परतणे किंवा असह्य थकवा एवढेच असते, आणि तेही कारणच असते.

अपराधी भावनेत डब्यावरील मजकुराचीही भर पडते. मातेच्या दुधाला पर्याय असलेल्या पदार्थांवर नियंत्रण ठेवणारा कायदा भारतात १९९२ मध्ये झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम असल्याची सूचना प्रत्येक डब्यावर ठळकपणे छापावी लागते. त्यावर बाळाचे वा स्त्रीचे चित्र चालत नाही, जाहिरातीसही बंदी आहे. दिवसातून सात-आठ वेळा डबा उघडणाऱ्या आईला ती सूचना स्वत:वरील शेऱ्यासारखी वाटली तर नवल नाही. वस्तुत: कायद्याचा रोख उत्पादक आणि विक्रेत्यांवर आहे. गरीब देशांत या भुकटीचा आक्रमक प्रचार झाला. अशुद्ध पाण्यात कालवलेल्या, काटकसरीने पातळ केलेल्या दुधाने बालके दगावली. त्यातूनच १९८१ ची आंतरराष्ट्रीय विपणन संहिता आली. वरचे दूध पाजणाऱ्या आईला हा कायदा दोषी ठरवीत नाही.

त्या इतिहासातला धडा मात्र स्वयंपाकघरात आजही लागू आहे. भुकटी निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, ते ७० अंश सेल्सिअसच्या खाली जाण्यापूर्वी, त्यात भुकटी मिसळावी आणि मग भांडे गार पाण्यात धरून दूध कोमट करावे. प्रमाण डब्यावरचेच. महिनाअखेरीस डबा पुरावा म्हणून एक माप कमी घालणे किंवा बाळाने अंग धरावे म्हणून एक जास्त घालणे, दोन्ही घातक. उष्टे राहिलेले दूध टाकून द्यावे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा स्वच्छ ठेवणे सोपे जाते. गाई-म्हशीच्या दुधात लोह कमी असल्याने वर्षाच्या आत ते मुख्य आहार म्हणून देऊ नये. निर्णय सर्वस्वी एका टोकाचाही असावा लागत नाही. थोडे अंगावरचे, थोडे वरचे असे अनेक घरांत चालते.

दूध पुरते की नाही, हे शेजारणींपेक्षा वजनकाटा अधिक खात्रीने सांगतो. वजन नियमित वाढत असेल आणि दिवसाकाठी सहा किंवा अधिक दुपटी ओली होत असतील, तर पोट भरते आहे. रात्रीचे एखादे पाजणे वडिलांनी किंवा आजीने घेतले, की आईला सलग झोप मिळते. एवढे होऊनही उदासी दोन आठवड्यांनंतर टिकून राहिली, रडू आवरेनासे झाले, तर ते प्रसूतीपश्चात नैराश्याचे लक्षण असू शकते. दुधाचा विषय बाजूला ठेवून आईलाच डॉक्टरांकडे न्यावे.