मुळाशी काळे, टोकाशी पिंगट

मराठीत केस काळे करण्यासाठी शब्द आहे, क्रियापद आहे आणि सोबत थोडी थट्टाही आहे. 'कलप लावणे' म्हटले की एक वयस्क गृहस्थ आणि त्याची लपवालपवी डोळ्यांपुढे उभी राहते. काळे केस उजळवण्यासाठी मात्र आपल्याकडे घरचा शब्द नाही. 'ब्लीच', 'हायलाइट्स', 'बालायाज' हे सारे पाहुणे शब्द. भाषेतील ही विषमता योगायोगाची नव्हे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीचे प्रकरण केसांच्या कलपानेच सुरू होते, आणि तो कलप पांढऱ्या केसांना काळे करण्याचा आहे. त्यात लोखंडाचे भांडे आहे, आंबवलेला पदार्थ आहे. आजीच्या लोखंडी कढईत रात्रभर भिजणारा आवळा याच कुळातला. आपल्या केशप्रसाधनाची दिशा शतकानुशतके अशी एकच राहिली : काळ्याकडे.

पिंगट केसांकडे तर संशयानेच पाहिले गेले. 'मनुस्मृती'च्या तिसऱ्या अध्यायात वधू निवडताना जे निषेध सांगितले आहेत, त्यांत 'कपिला' कन्या आहे, आणि टीकाकारांनी हे विशेषण केसांना लावले आहे. पुढे हिंदी चित्रपटाने हा निषेध न वाचताच पाळला, असे म्हणण्याचा मोह होतो. नायिकेचे केस काळे, लांब, वेणीत बांधलेले; सोनेरी टोप चढे तो क्लबमध्ये नाचणाऱ्या हेलनच्या डोक्यावर. हेलनचे नृत्य लोकांनी डोळे भरून पाहिले, पण सून म्हणून घरात आणली ती दुसरीच.

पश्चिमेत गोष्ट उलट घडली. रोमन लेखक प्लिनी याने बकऱ्याची चरबी आणि राख यांपासून केलेल्या एका द्रव्याची नोंद केली आहे. गॉल लोक त्याने केस तांबूस करीत. आपल्या 'साबण' शब्दाचा दूरचा नातलग असलेला 'सापो' तो हाच. ओव्हिडने तर रंगवून रंगवून केस गमावलेल्या प्रेयसीवर एक संपूर्ण कविता लिहिली, आणि आता तुला जर्मन बंदिनींचे केस डोक्यावर मिरवावे लागतील असे तिला सुनावले. साम्राज्य, पराभूतांचे केस आणि जेत्यांची हौस एकाच कवितेत येतात. अभ्यासकाला आणखी काय हवे? व्हेनिसच्या स्त्रिया सोळाव्या शतकात माथा नसलेली रुंद काठाची टोपी घालून, तिच्यातून केस बाहेर पसरून, घराच्या गच्चीवर तासन् तास उन्हात बसत. चेझारे वेचेल्लियोने १५९० च्या आपल्या पोशाखग्रंथात त्यांचे चित्रच दिले आहे. 'माझे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत' असे आपण ठासून सांगतो. व्हेनिसमध्ये ते उन्हातच पिवळे होत, आणि तीच मिरवण्याची बाब होती.

उन्हाची जागा रसायनाने घेतली. तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड शोधले आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचा केसांवरील उपयोग लोकांसमोर आला. १९३१ मध्ये जीन हार्लोचा 'प्लॅटिनम ब्लाँड' झळकला आणि एका रंगाचे नाव एका नटीला कायमचे चिकटले.

काळ्या केसांच्या बाबतीत मात्र काम सोपे नाही. केसांतील मेलॅनिन दोन प्रकारचे असते : काळा-तपकिरी रंग देणारे आणि तांबूस-पिवळा रंग देणारे. पेरॉक्साइडपुढे पहिले लवकर हार मानते, दुसरे चिवटपणे मागे राहते. म्हणून आपला केस उजळताना थेट सोनेरी होत नाही. तो आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा अशा पायऱ्या उतरतो. उरलेला पिवळेपणा मारण्यासाठी वर जांभळट टोनर लावावा लागतो, कारण जांभळा हा पिवळ्याचा विरोधी रंग. शिवाय डोक्याच्या उष्णतेमुळे मुळाजवळचा भाग टोकापेक्षा लवकर उजळतो आणि रंग विजोड दिसतो. त्यातच केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. दीड-दोन महिन्यांत भांगात काळी रेघ उमटते आणि सारा बनाव उघडा पडतो. यावरचा तोडगा म्हणजे मुळे मुद्दामच गडद ठेवायची आणि खाली क्रमाक्रमाने सोनेरीकडे जायचे. 'शॅडो रूट' ते हेच. एकेकाळी जी काळी रेघ गबाळेपणाची खूण होती, तीच आता कारागिरी म्हणून विकली जाते. मला यातला प्रामाणिकपणा आवडतो : केस उसना आहे हे तो स्वतःच सांगतो.

येथवरची गोष्ट हौसेची झाली. नवापुरात बसून हा विषय लिहिताना मात्र ती तेवढ्यावर थांबत नाही.

नवापूर हे सीमेवरचे गाव. रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाचीही तशीच वाटणी झालेली. बाहेरच्या जगाला हे नाव कळले ते बहुधा २००६ च्या फेब्रुवारीत, येथील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला तेव्हा. तालुका बहुसंख्येने आदिवासी : मावची, कोकणी, भिल्ल, गावित. ऊसतोडीच्या हंगामात अनेक कुटुंबे दक्षिण गुजरातेत जातात आणि मुलेही पाठोपाठ जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बालकुपोषणाच्या बाबतीत नंदुरबार हा राज्यातील सर्वांत वाईट स्थितीतल्या जिल्ह्यांपैकी एक ठरत आला आहे.

आणि कुपोषण केसांचा रंग उतरवते. सिसिली विल्यम्स ही वसाहतकालीन डॉक्टर आजच्या घानामध्ये काम करीत होती. तिने १९३३ मध्ये एका बालरोगाचे वर्णन प्रसिद्ध केले : अंगावर सूज, कातडीचे पापुद्रे आणि केसांचा बदललेला रंग. १९३५ मध्ये तिने त्याला तेथील गा भाषेतलेच नाव दिले, 'क्वाशिओर्कर'. पाठचे भावंड आल्यावर आधीच्या मुलाला जडणारा आजार, असा त्या शब्दाचा अर्थ सांगतात. आईच्या दुधावरून बाजूला सारलेल्या मुलाचे सगळे दुःख एका बोलीने एका शब्दात साठवले होते. वैद्यकाने ते फक्त उचलले. भारतात या आजाराचा पाया घालणारा अभ्यास सी. गोपालन यांनी आधी कुन्नूरला आणि मग हैदराबादला केला.

या आजारात काळे केस तांबूस, भुरे, विरळ होतात, सहज उपटून येतात. मधे काही महिने पोटभर खायला मिळाले तर त्या काळात वाढलेला भाग पुन्हा काळा होतो. उपासमार परतली की पुन्हा फिकट. एकाच केसावर असे काळे-भुरे पट्टे पडतात. वैद्यकात याला 'ध्वजचिन्ह' म्हणतात. महिन्याला एक सेंटिमीटर या हिशेबाने तो केस म्हणजे दिनदर्शिकाच : कोणते महिने उपाशी गेले, ते मापता यावे. ज्या वर्गाने आपली रोजनिशी कधी लिहिली नाही, त्याच्या हातचा नव्हे तर डोक्यावरचा हा दस्तऐवज आहे. १८९९-१९०० च्या छप्पनच्या दुष्काळात खानदेश आणि गुजरातेतील भिल्लांची जी वाताहत झाली, तिच्याबद्दल आपण सरकारी अहवाल चाळतो. त्या मुलांचे केस कुणी जपून ठेवले नाहीत.

येथे घाई करून चालणार नाही. प्रत्येक भुरा केस भुकेचा नसतो. ऊन, धूळ, तेलाचा अभाव यांनीही केस विटतात, आणि काहींना तो रंग जन्मतःच असतो. वाड्यावस्त्यांवरच्या प्रत्येक पिंगट डोक्याकडे करुणेने पाहणारा शहरी पाहुणा 'कपिले'चा निषेध करणाऱ्या स्मृतिकारापेक्षा फारसा वेगळा नसतो. दोघेही माणसाआधी रंग वाचतात. म्हणूनच निदान करताना केवळ केसांवर विसंबत नाहीत. वजन, उंची, दंडाचा घेर, पायावरची सूज हे पाहावेच लागते.

मात्र उपचार लागू पडल्यावर जे दिसते, ते या विषयाच्या अभ्यासकाला थबकवणारे आहे. मूल नीट जेवू लागते, काही आठवड्यांत डोक्यालगत नवा काळा केस येतो, आणि जुना पिंगट भाग टोकाकडे सरकत जातो. सुरतेच्या सलूनमध्ये आरशासमोर बसून, पैसे मोजून जी रचना करून घेतात, हुबेहूब तीच : मुळाशी काळे, टोकाशी पिंगट. काही महिन्यांनी आई ती टोके कापून टाकते.